कललेल्या झाडास दोर कोणता?

वादळी पावसांत अंगणांतील आंब्याचें कोवळें कलम कलतें, आणि मंडळी हाताशीं येईल ती दोरी त्यास बांधतात. ही घाई बरी नव्हे. ताग ओलाव्यानें कुजतो. नायलॉन बळकट खरा, परंतु ताण पडतांच लांबतो. ऐन वाऱ्यांत आधार ढिला! पॉलिएस्टरचा दोर ऊनपाऊस सोसतो व फारसा लांबत नाहीं. मी तोच घेईन. एका पावसाळ्यापुरता आपला कोंकणी काथ्याही चालेल.

मात्र कोणताही दोर उघडा खोडास भिडूं नये. पानांनीं केलेलें अन्न सालींतूनच मुळांकडे उतरतें. दोर रुतला कीं ती वाट तुटते, आणि वाचविलेलें झाड आपल्याच हातून मरतें. म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबचा रुंद पट्टा खोडाभोंवतीं सैल घालून त्यास दोर बांधावा. खोड थोडें हलूं द्यावें. वर्षभरांत मुळें धरलीं कीं दोर सोडावा.