आकड्याला परवाना, आकड्यावर कर

हार्बर मार्गाने शिवडीला जाताना एक स्टेशन आधी कॉटन ग्रीन लागतं. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात कुलाब्याचा कापूसबाजार इकडे हलला. गोदामं उभी राहिली, बाजाराची इमारत उभी राहिली. मुंबईचा आकडा निघाला तो याच कापसाच्या धंद्यातून. न्यूयॉर्कच्या बाजारात कापसाचा भाव किती उघडला आणि किती बंद झाला, हे तारेने मुंबईत कळे आणि त्या भावांवर पैसे लागत. १९६१मध्ये न्यूयॉर्ककडून भाव येणं थांबलं. जुगार मात्र थांबला नाही. १९६२मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत मटका सुरू केला, १९६४मध्ये रतन खत्री यांनी आपला वेगळा.

शून्य ते नऊमधले तीन आकडे काढायचे, त्यांच्या बेरजेचा शेवटचा अंक तो ओपन. मग तसाच क्लोज, आणि दोन्ही मिळून जोडी. एका अंकावर लावलेला रुपया लागला तर नऊ रुपये हाती येत. अंक दहा, लागणार त्यातला एक. म्हणजे लागलेल्या दर दहा रुपयांतला सरासरी एक रुपया मटकेवाल्याकडे उरणार, हे चिठ्ठी फाडण्याआधीच ठरलेलं असे. लालबाग-परळच्या गिरणी कामगारांचा पगार असा रुपया-रुपयाने गेला. हा उरणारा रुपया वाचकांनी लक्षात ठेवावा. जुगारावर कर कसा लावायचा, याचा जगभरचा वाद त्याच्याभोवतीच फिरतो.

मटक्याला परवाना कधीच मिळाला नाही. १८८७च्या जुगारबंदी कायद्याखाली पोलीस धाडी घालत आणि अड्डे पुन्हा उभे राहत. त्याच शहरात महालक्ष्मीच्या शर्यतींना मात्र १९१२च्या कायद्याने परवाना होता आणि त्यांच्यावरच्या पैजांवर १९२५च्या कायद्याने कर. पुढे १९६९मध्ये महाराष्ट्र सरकारने स्वतःचीच लॉटरी काढली. एकाला बंदी, दुसऱ्याला परवाना आणि तिसरा सरकारच्या मालकीचा, असे जुगाराशी वागण्याचे तीनही मार्ग मुंबईकरांनी एकाच वेळी पाहिले आहेत.

ऑनलाइन जुगारातली सगळ्यात मोठी अडचणही मुंबईला जुनी ओळखीची आहे. खेळणारा इथे आणि खेळवणारा भलत्याच राज्यात किंवा देशात असेल, तर कर कोणी घ्यायचा? आर. एम. डी. चामरबागवाला यांच्या बक्षिसांच्या शब्दकोड्यांचं साप्ताहिक बंगळूरहून निघे आणि मुंबई राज्यात भरपूर खपे. १९५२मध्ये राज्याने कायदा दुरुस्त करून बाहेर छापलेल्या अंकांतल्या स्पर्धांनाही कराखाली आणलं. भांडण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९५७मध्ये न्यायालयाने राज्याची बाजू उचलून धरली. कोडी मुंबई राज्यात सोडवली जातात, पैसे इथून भरले जातात, तेव्हा कर लावण्याइतका संबंध राज्याशी आहेच. शिवाय जुगार हा राज्यघटनेने संरक्षण दिलेला व्यापार नव्हे.

ब्रिटन या निष्कर्षावर २०१४मध्ये आलं. कंपनी जिब्राल्टरमध्ये असो वा माल्टात, ब्रिटनमधल्या ग्राहकाला खेळवायचं तर ब्रिटनच्या जुगार आयोगाचा परवाना घ्यायचा आणि करही तिथेच भरायचा. हा कर कंपनीकडे उरणाऱ्या रकमेवर बसतो. ग्राहकांनी १०० पौंड लावले आणि ९० पौंड बक्षिसांत परत गेले, तर कर उरलेल्या १० पौंडांवर. ऑनलाइन कॅसिनोसाठी २०१९पासून त्याचा दर २१ टक्के होता. एप्रिल २०२६पासून तो ४० टक्के करण्याचं सरकारने २०२५च्या अर्थसंकल्पात जाहीर केलं. परवान्यासोबत बंधनंही येतात. ग्राहकाचं वय तपासावं लागतं, क्रेडिट कार्डावर जुगार २०२०पासून बंद आहे आणि ज्याला स्वतःला आवरायचं आहे त्याने एकदा नाव नोंदवलं की सगळ्या परवानाधारक साइटना त्याला दार बंद करावं लागतं. परवान्याची खरी किंमत या बंधनांत आहे. तिजोरीतली भर त्यानंतर येते.

भारताने वेगळा रस्ता धरला. रमीसारखे खेळ कौशल्याचे आहेत, या आधारावर कंपन्या फक्त आपल्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी भरत. १ ऑक्टोबर २०२३पासून खेळाडूने भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के लागू झाला. कंपनीचं शुल्क शेकडा १० रुपये धरलं, तर आधी कर होता १ रुपया ८० पैसे, नंतर झाला २८ रुपये. कमाईच्या जवळपास तिप्पट कर! खेळाडू जिंकला तर त्याच्या निव्वळ जिंकीवर ३० टक्के प्राप्तिकर वेगळा.

ही घडी बसते न बसते तोच ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर सरसकट बंदी घातली. राष्ट्रपतींची संमती मिळाली २२ ऑगस्टला. कौशल्य की नशीब, हा फरक या कायद्यात उरलाच नाही. असे खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्याला २ वर्षं आणि ५० लाखांपर्यंत. बँकांनाही असे व्यवहार करायला मनाई आहे. भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवर झळकणाऱ्या मुंबईच्या ड्रीम इलेव्हनने पैशांच्या स्पर्धा बंद केल्या आणि जर्सीवरचं नावही उतरलं.

बंदीमागची कळकळ खरी आहे. दरवर्षी सुमारे ४५ कोटी लोक अशा खेळांत २० हजार कोटी रुपये गमावतात, असा सरकारचाच अंदाज होता. पण इथल्या कंपन्यांना टाळं लावणं सोपं असतं. परदेशातून चालणाऱ्या सट्ट्याच्या साइट नाव बदलून परत येतात, भाड्याच्या बँक खात्यांतून पैसे फिरवतात आणि तिथे ना वय तपासलं जातं, ना तक्रार ऐकली जाते. गिरणगावातल्या मटक्याला बंदीने मारलं नव्हतं. त्याचं गिऱ्हाईक १९८२च्या संपानंतर गिरण्यांबरोबर ओसरलं. मोबाइलचं गिऱ्हाईक ओसरणारं नाही. म्हणून सरकारने पैशाची वाट अडवण्यावर आणि खेळाच्या नादातून माणसं बाहेर काढण्यावर बंदीइतकाच जोर लावायला हवा.

तोवर वाचकांनी एक गोष्ट घरात जरूर सांगावी. २०२५च्या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही. त्यामुळे कोणी अशा साइटवर फसला असेल तर त्याने लाजेपोटी गप्प न राहता लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी, आणि मन खचलं असेल तर १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर बोलावं.