टीबीचं औषध सुरू झालं की ‘माला-एन’वर विसंबू नका

घरात कुणाला टीबी निघाला की सगळ्यांचं लक्ष पेशंटकडे जातं. खोकला कमी झाला का, वजन वाढलं का, दूध-अंडी मिळतात का, पोषण आहाराचे सरकारी पैसे खात्यात आले का. या धावपळीत एक गोष्ट राहून जाते. टीबीचं औषध घेणारी बाई गर्भनिरोधक गोळ्याही घेत असेल, तर त्या गोळ्यांचा असर कमी होतो. रोज ठरल्या वेळी, एकही न चुकवता गोळी घेतली तरी दिवस जाऊ शकतात.

आपल्या जिल्ह्यात, नगर शहर असो की अकोले-जामखेडची वाडी, ‘माला-एन’ सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळते आणि आशाताईंकडेही मिळते. पाकिटात 28 गोळ्या असतात, 21 हार्मोनच्या आणि 7 लोहाच्या. टीबीचं औषधही सरकारी दवाखान्यातूनच फुकट मिळतं. पण दोन्हींची नोंद वेगवेगळ्या रजिस्टरमध्ये होते. डॉक्टर विचारतात, “दुसरं काही औषध चालू आहे का?” बाई म्हणते, “नाही.” ती खोटं बोलत नसते, कारण आपल्या घरांत या गोळीला औषध कुणी समजतच नाही. त्यात सोबत सासरे किंवा दीर आलेले असले, तर हा विषय तोंडातून निघणं आणखी कठीण.

असं का होतं, ते समजून घेऊ. टीबीच्या औषधांत रिफाम्पिसिन नावाचं औषध असतं. लघवी नारिंगी-लालसर होते ती त्याच्यामुळेच. हे औषध लिव्हरला जास्त जोमाने कामाला लावतं. मग गर्भनिरोधक गोळीतले हार्मोन लिव्हर नेहमीपेक्षा लवकर मोडून टाकतं. रक्तात ते पुरेसे उरत नाहीत आणि अंडं सुटणं थांबत नाही. साध्या टीबीचा कोर्स 6 महिन्यांचा, पहिले 2 महिने चार औषधं आणि पुढचे 4 महिने तीन. रिफाम्पिसिन दोन्ही टप्प्यांत असतं. कोर्स संपल्यावरही लिव्हर पूर्वपदावर यायला साधारण 4 आठवडे लागतात. म्हणजे जवळजवळ 7 महिने गोळीवर भरवसा ठेवायचा नाही. आपल्या मनाने एकाच्या जागी दोन गोळ्या घेणं हा यावरचा उपाय नाही.

याहून जास्त काळजी आम्हाला वाटते ती आजारी नसलेल्या बायकांची. समजा, शेवगावातल्या एका घरात सासऱ्यांना टीबी झाला. आता घरातल्या इतरांनाही टीबी होऊ नये म्हणून प्रतिबंधक औषध दिलं जातं. त्यातला एक कोर्स आठवड्यातून एकदा, असा 12 आठवड्यांचा असतो आणि त्यात रिफापेंटिन असतं. ते रिफाम्पिसिनच्याच घराण्यातलं, गोळीवर परिणामही तोच. सून धडधाकट आहे, आठवड्यातून एकदाच औषध घेते, कसला त्रास नाही. तिला गोळीबद्दल कोण विचारणार? तिनेच विचारायला हवं.

मग या काळात करायचं काय? कॉपर-टीवर या औषधांचा परिणाम होत नाही. फक्त टीबी ओटीपोटाचा असेल तर कॉपर-टी बसवत नाहीत. दर 3 महिन्यांनी घ्यायचं ‘अंतरा’ इंजेक्शनही चालतं, तेही सरकारी दवाखान्यात मोफत आहे. यातलं काही ठरेपर्यंत निरोध वापरावा, ती जबाबदारी नवऱ्याची. ‘छाया’ गोळीत हार्मोन नसतात, म्हणून ती चालेल असं वाटू शकतं. पण टीबीच्या पेशंटला ती देत नाहीत. 72 तासांच्या आत घ्यायची इमर्जन्सी गोळीसुद्धा या औषधांसोबत कमी पडते. तशी वेळ आलीच तर 5 दिवसांच्या आत कॉपर-टी बसवणं जास्त खात्रीचं.

एवढं करूनही दिवस गेले, तर घाबरून टीबीचं औषध बंद करू नका. नेहमीची औषधं गरोदरपणातही दिली जातात, आणि अर्धवट सोडलेला टीबी आई आणि बाळ दोघांनाही जास्त धोक्याचा.

फिट्सच्या गोळ्यांचंही असंच आहे. कार्बामाझेपिन, फेनिटोइन, फेनोबार्बिटोन ही नावं चिठ्ठीवर असतील तर गर्भनिरोधक गोळीचा असर घटतो. लॅमोट्रिजिनच्या बाबतीत उलटं होतं. गर्भनिरोधक गोळीच त्या औषधाचं रक्तातलं प्रमाण कमी करते आणि थांबलेल्या फिट्स परत येऊ शकतात. व्हॅल्प्रोएट गोळीच्या आड येत नाही, पण गरोदरपणात ते बाळाला घातक ठरू शकतं. म्हणून ते घेणाऱ्या बाईने दिवस जाण्याआधीच डॉक्टरशी बोलायला हवं.

आता एक गैरसमज. “अँटिबायोटिक घेतलं की गोळी फेल जाते,” असं मैत्रिणी-जावांमध्ये सर्रास बोललं जातं. अमॉक्सिसिलिन, अझिथ्रोमायसिन, डॉक्सिसायक्लिन अशा नेहमीच्या अँटिबायोटिकने तसं होत नाही. मात्र गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांच्या आत उलटी झाली तर ती पोटात गेलीच नाही असं धरून दुसरी घ्यावी. जोराचे जुलाब दिवसभराहून जास्त चालले, तर बरं होईपर्यंत आणि त्यानंतरही 7 दिवस निरोध वापरावा.

लोह, कॅल्शियम, फॉलिक अॅसिडच्या गोळ्या बिनधास्त घ्या. शंका घ्यायची ती दुबई-सौदीहून नातेवाइकांनी आणलेल्या, नाहीतर ऑनलाइन मागवलेल्या ‘टेन्शन घालवणाऱ्या’ कॅप्सूलवर. त्यात सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती असेल तर तीही रिफाम्पिसिनसारखीच लिव्हरला कामाला लावते. गॅससाठी मिळणाऱ्या कोळशाच्या गोळ्या हार्मोन पोटातच शोषून घेऊ शकतात. आणि पुडीवर घटकच लिहिलेले नसतील, तर त्या पुडीचा हिशेब कुठलाच डॉक्टर लावू शकत नाही, मग ती पुडी देणारा कितीही ओळखीचा असो. थायरॉइडची गोळी घेणाऱ्या बायकांनी गर्भनिरोधक गोळी सुरू केल्यावर काही आठवड्यांनी थायरॉइड तपासून घ्यावं, डोस वाढवावा लागू शकतो.

रमजानमध्ये गोळीची वेळ इफ्तारनंतर किंवा सहेरीला ठरवा आणि महिनाभर तीच ठेवा. रोजे किंवा उमरा-हजसाठी पाळी पुढे ढकलायला मेडिकलमधून नोरएथिस्टेरोन घेतलं जातं. त्या गोळ्यांना गर्भनिरोधक समजू नका, आणि टीबीचं औषध चालू असेल तर त्यांचाही असर कमी होतो. ‘माला-एन’ आधीपासून चालू असेल तर बहुतेक वेळा वेगळी गोळी लागत नाही. लोहाच्या 7 गोळ्या सोडून लगेच नवं पाकीट सुरू केलं की पाळी पुढे जाते. प्रवासाच्या महिना-दीड महिना आधी डॉक्टरांना विचारून हे ठरवावं. डॉक्टरांसमोर बोलायला संकोच वाटत असेल तर चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची रिकामी पाकिटं एका पिशवीत घालून टेबलावर ठेवा, गर्भनिरोधक गोळीचंही.