चिकूचें आसव आणि आमचें घर

मद्याचें नांव निघतांच कान झांकून घ्यावे, असा संस्कार आमच्या पिढीवर झालेला आहे. पस्तीस वर्षें मुलांस संस्कृत शिकवितांना गौडी, पैष्टी व माध्वी या त्रिविध सुरेचा मनूनें केलेला निषेध आम्हीं मोठ्या ठामपणें समजावून दिला. परंतु आमच्याच घरच्या फडताळांत द्राक्षारिष्टाची बाटली असे, आणि अशक्तपणा आला कीं तिचे दोन चमचे निमूटपणें पोटांत जात. आंबण्याच्या क्रियेनें तिच्यांतहि मद्यांश आपोआप उत्पन्न होतो, याचा विचार आम्हीं कधीं केला नाहीं इतकेंच. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत तर चौऱ्यायशीं आसवें सांगितलीं असून, त्यांत फळांपासून होणारीं सव्वीस आहेत.

हा विचार करण्याचा प्रसंग गेल्या दिवाळींत आला. आमच्या सूनबाईंनीं बोर्डीहून चिकूच्या वाइनची एक बाटली आणली, ती न लपवितां आमच्यापुढें ठेवली, आणि विचारलें, "बाबा, पाहुणे जेवायला येतील तेव्हां ही टेबलावर ठेवूं का?" आम्हांस एकदम उत्तर देतां येईना.

बोर्डी आम्हां बोईसरकरांस परकी नाहीं. वाणगांव, डहाणू मागें टाकून घोलवडास उतरलें, कीं चिकूच्या वाड्या सुरू होतात. फळ मूळचें मध्य अमेरिकेकडील. पण इकडच्या मातींत असें रुजलें, कीं २०१६ सालीं डहाणू-घोलवडच्या चिकूस भौगोलिक मानांकन मिळालें. या फळाचा एकच दोष. पिकलें कीं थोड्याच दिवसांत नासतें. बागायतदाराच्या हातीं मग मिळेल तो भाव घेणें किंवा फळ फेकून देणें, एवढेंच उरतें. बोर्डीच्या सावे कुटुंबांतील प्रियांका सावे व त्यांचे पति नागेश पै यांनीं 'हिल झिल' या आपल्या कारखान्यांत चिकूची वाइन करून त्यावर एक उपाय काढला. पिकल्या गरांतील साखरेचें किण्वाच्या योगानें मद्यार्कांत रूपांतर होतें. तत्त्व चरकाच्याच काळचें, उपकरणें मात्र आजचीं.

तरीहि माहिती घ्यावी म्हणून आम्ही बोईसरांतील एका वाइनच्या दुकानीं गेलों. दुकान बापलेकांचें. पाटी वाइनची, पण फळ्यांवर बहुतेक व्हिस्की नि रम! गल्ल्यावरील गृहस्थ आम्हांस पाहतांच खुर्चीवरून ताडकन् उठले. ते आमचे जुने विद्यार्थी निघाले. दोघेहि क्षणभर ओशाळलों. मग त्यांनीं जें सांगितलें तें कोणाहि गृहस्थास उपयोगी पडावें. विकत घेतांना बाटली उन्हांत किंवा दिव्याच्या तापांत उभी केलेली नसावी. घरीं ती चुलीजवळ ठेवूं नये. बूच लांकडाचें असेल तर आडवी ठेवावी, फिरकीचें असेल तर उभी चालते. फळांची व पांढऱ्या द्राक्षांची वाइन थंड करून द्यावी. आपल्या तिखट जेवणाबरोबर किंचित् गोड किंवा हलकी वाइन बरी. फार तुरट तांबडी तिखटाशीं जुळत नाहीं. उघडलेली बाटली शीतकपाटांत ठेवून तीन-चार दिवसांत संपवावी, "आणि सर, संपवायची म्हणून पिऊं नये, ओतून द्यावी." शेवटचें वाक्य माल विकणाराच्या तोंडून ऐकून आम्हांस बरें वाटलें. परवाना लागतो आणि २१ वर्षांखालील कोणास देतां येत नाहीं, हेंहि त्यांनीं बजाविलें.

२०२२ च्या जानेवारींत मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानें घेतला, तेव्हां महाराष्ट्रांत मोठा वाद माजला व तो निर्णय अंमलांत आला नाहीं. "वाइन म्हणजे दारू नव्हेच" असें त्या वेळीं कोणी म्हणत. हें आम्हांस पटत नाहीं. मद्यार्क कोणत्याहि फळाचा असो, तो मद्यार्कच. निरपाय असें त्याचें कोणतेंहि प्रमाण नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं स्पष्ट म्हटलें आहे.

आमच्या संकोचाचें खरें कारण निराळेंच होतें. शाळेंत चित्रकला शिकविणारे आमचे एक जिवलग स्नेही या व्यसनापायीं पन्नाशीच्या आंत गेले. त्यांची बाटली कधीं कोणीं टेबलावर पाहिली नाहीं. ती पुस्तकांच्या मागें असे. घरच्यांस ठाऊक होतें, आम्हांसहि होतें. पण अब्रूच्या भयानें कोणी शब्द काढला नाहीं. आम्हीहि गप्प बसलों, याची बोंच अजून जात नाहीं.

म्हणून सूनबाईंस आम्हीं सांगितलें, "ठेवायची तर उघड ठेव. पण ज्या दिवशीं वहिनी फराळास येतील, त्या दिवशीं ती घरांत दिसतां कामा नये." त्या स्नेह्यांच्या पत्नी दर भाऊबीजेस आमच्याकडे येतात. सूनबाईंनीं मान हलविली. त्या दिवशीं बाटली शेजारघरीं गेली.

आम्हीं चव घेतली का, असें वाचक विचारतील. दोन घोट घेतले. चिकूचा मंद वास होता, गोडी होती. तिसरा घेतला नाहीं. घेण्याची इच्छा झाली नाहीं असें मात्र म्हणतां येत नाहीं. आणि जें घरांत बोलतां येतें, तें येथेंहि लपवूं नये, म्हणूनच हें लिहिलें.