चाक किती आत, किती बाहेर?

गेल्या उन्हाळ्यात पुतण्याने आमच्या छोट्या गाडीला नवी चाके बसवून आणली. जुनी लोखंडी चाके त्याला बघवत नव्हती. नवी चंदेरी, रुंद आणि मडगार्डच्या बाहेर किंचित डोकावणारी. "काका, आता गाडी कशी ठाण मांडून बसल्यासारखी दिसते!" तो म्हणाला. मराठीचा मास्तर मी. त्या उपमेवरच खूश झालो आणि पैसे मुकाट्याने दिले.

पंधरा दिवसांनी आम्ही ताम्हिणीकडे निघालो. मागे सासूबाई, सौभाग्यवती, कन्या आणि डब्यांची भलीमोठी पिशवी. पौड रस्त्यावरच्या पहिल्याच गतिरोधकावर मागून 'खर्र' असा आवाज झाला. "अहो, काहीतरी घासतंय," ही म्हणाली. "रस्ताच तसा आहे," असे कोथरूडकरास शोभेलसे उत्तर मी दिले. चांदणी चौक गेला, भूगाव गेले, आवाज काही जाईना. पौडला चहासाठी थांबलो तेव्हा हिनेच वाकून पाहिले. मडगार्डच्या कडेने मागच्या डाव्या टायरचा खांदा सोलून काढला होता. रबर जाऊन आतले दोरे दिसत होते. आणि पुढे घाट होता! सासूबाईंना व मुलीला बसमध्ये बसवून दिले, स्टेपनी लावली आणि आम्ही दोघे रखडत परत आलो.

दुकानदाराचे म्हणणे एकच : "चारही नट बसले ना साहेब?" नट बसले होते. घोटाळा तिथेच आहे.

नट ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास जुळला, आमच्या गाडीत तो १०० मिलीमीटर, की चाक लागते. हबवर नेमके बसण्यासाठी मधले भोकही जुळावे लागते. ते मोठे असेल आणि मध्ये कडे घातले नसेल, तर वेगात गाडी थरथरते. पण एवढे जुळले तरी चाक मडगार्डखाली किती आत वा बाहेर राहील, हे ठरत नाही. ते ठरवतो ऑफसेट.

रिमच्या रुंदीच्या बरोबर मध्यावर एक रेघ कल्पावी. ही रेघ आणि रिमची जी पाठ हबला टेकते ती पाठ, या दोहोंतले अंतर म्हणजे ऑफसेट. पाठ रेघेच्या बाहेरच्या अंगाला असेल तर तो अधिक, आतल्या अंगाला असेल तर उणा. रिमवर 'ईटी ४५' असे काहीसे उठवलेले असते. ईटी हे 'आइनप्रेसटीफं' या जर्मन शब्दाचे लघुरूप, आणि आकडा मिलीमीटरचा. गंमत अशी, की हा आकडा घटला की चाक बाहेर सरकते.

आमची जुनी रिम ६ इंच रुंद, ईटी ४५. नवी ७ इंच, ईटी ३५. पुतण्याला कागद-पेन्सिल दिली. रुंदीतला अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलीमीटर, बाहेरच्या बाजूला वाढला; त्यात ऑफसेटचे १० मिळवा. चाक २२.७ मिलीमीटर बाहेर आले होते! आतल्या बाजूला वाढ अवघी २.७. रिकाम्या गाडीत हे खपून गेले. मागे तीन माणसे बसताच मडगार्ड खाली आले आणि टायरला भिडले.

बैलगाडीला ही कटकट नव्हती. तुंबा आसावर चढवायचा आणि बाहेरून खीळ ठोकायची. आपल्या मध्यमवर्गाला पुढच्या चाकांनी ओढली जाणारी गाडी घरोघर दिली ती डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० ने. अशा गाडीत हब, ब्रेक, चाकाला फिरवणारा सांधा, सारे रिमच्या पोकळीत कोंबलेले असते. म्हणून रिमची टेकणारी पाठ बरीच बाहेर असते आणि ऑफसेट मोठा अधिक येतो. तो कमी केला, की पाण्याची भरलेली बादली हात लांब करून धरल्यासारखे होते. खांदा ओढतो, तसे बेअरिंग ओढले जाते. पुढच्या चाकांत तर स्टीअरिंगही बिघडते. एक चाक खड्ड्यात गेले की हातातले चक्र हिसका देते.

आमच्या घरावरच्या वेताळ टेकडीला पुष्कळ जण 'एआरएआय टेकडी' म्हणतात. १९६६ साली स्थापन झालेली वाहनसंशोधनाची ही संस्था तिथे आहे. मी रोज सकाळी तिच्यावरून चक्कर मारतो, आणि रिमचीही परीक्षा असते हे मला पन्नाशीला टेकताना कळले! वळणावर चाक जसे वाकते तसा जोर देऊन ते हजारो फेरे फिरवतात. तो जोर किती, हे ठरवताना गाडीचा भार आणि टायरची त्रिज्या यांच्या जोडीला ऑफसेटही हिशेबात धरतात.

जुनी चाके गच्चीवरून खाली आली. पुतण्या चार दिवस बोलला नाही.

दसऱ्यानंतर तो पुन्हा चाके बघायला निघाला, तेव्हा मी बरोबर गेलो. दुकान दुसरे होते. दुकानदार चकाकती बाजू पुढे करीत होता, आणि आम्ही दोघे एकेक रिम उलटी करून मागचे आकडे वाचत होतो.