पत्ता आहे, माप नाही

‘इंट किती बाइटचा?’ नव्वदच्या दशकात पुण्यातल्या कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजच्या ओरलमध्ये या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं असायचं: २. आज लिनक्सवर जीसीसीला विचारलं तर ४ येतं. सी भाषेनं स्वतः यातलं एकही उत्तर दिलेलं नाही. इंट किमान १६ बिटचा असावा एवढंच तिचं म्हणणं, पुढचं कंपायलर ठरवतो. २ हे उत्तर तेव्हा लॅबमध्ये असलेल्या, डॉसवरच्या टर्बो सी या कंपायलरचं होतं.

गेल्या तीस-पस्तीस वर्षांत या शहरानं सी कशी शिकवली, याकडे वळून पाहताना मला हेच सर्वांत जास्त खटकतं. लॅबमधल्या यंत्राचं उत्तर आपण भाषेचा नियम म्हणून पाठ केलं. त्याच काळात, १९९१ साली, गणेशखिंडीत विद्यापीठाच्या आवारात सी-डॅकचा परम ८००० हा महासंगणक उभा राहिला. त्यातले टी-८०० ट्रान्सप्युटर ३२ बिटचे होते. एकाच गावात दोन मापं नांदत होती, पण जर्नलमध्ये एकच उतरलं.

या पाठांतराचा सर्वांत मोठा फटका व्हॉइड पॉइंटरला बसला. मुळात तो तेव्हा नवाच होता. कर्निगन-रिची यांच्या १९७८ च्या पुस्तकात तो नाही, तेव्हा हे काम कॅरॅक्टर पॉइंटर करायचा. १९८९ च्या ॲन्सी प्रमाणानं व्हॉइड पॉइंटरला अधिकृत जागा दिली. अप्पा बळवंत चौकातून घरोघर पोचलेल्या ‘लेट अस सी’चे लेखक, नागपूरचे यशवंत कानेटकर यांनी पॉइंटरवर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. हा विषय पोरांना जड जातो हे त्यांना नेमकं कळलं होतं. वर्गात मात्र व्हॉइड पॉइंटरच्या वाट्याला बहुतेक वेळा एकच ओळ यायची: कुठलाही पत्ता ठेवतो, वापरण्याआधी कास्ट करा.

का करा, ते राहून जायचं. इंट पॉइंटरमध्ये १ मिळवला की पत्ता एका इंटएवढा पुढे सरकतो, कारण समोर काय आहे हे कंपायलरला ठाऊक असतं. व्हॉइड पॉइंटरकडे फक्त पत्ता असतो. किती सरकायचं हे ठरवायला मापच नाही, म्हणून प्रमाण सीमध्ये त्याच्यावर बेरीज करता येत नाही. जीसीसी १ बाइट धरून चालवून घेतो, ती त्याची स्वतःची सवलत. मॅलॉकनं १०० बाइट घेतले आणि हातातल्या पॉइंटरवर साइझऑफ लावला, तर ६४ बिटच्या यंत्रावर ८ येतात. ते माप पॉइंटरचं, त्या १०० बाइटचं नव्हे. टर्बो सीच्या स्मॉल मॉडेलमध्ये तिथं २ यायचे आणि इंटही २ चाच. त्यामुळे दोहोंतला घोटाळा कुणाच्या लक्षातच येत नसे.

कास्टची सवयही तिथलीच. टर्बो सी++ मध्ये नवी फाइल उघडली की तिचं नाव ‘नोनेम००.सीपीपी’ असायचं. म्हणजे सी म्हणून लिहिलेला प्रोग्राम सी++ म्हणून कंपाइल व्हायचा, आणि सी++ मध्ये मॅलॉकपुढे कास्ट लागतोच. सीमध्ये लागत नाही. तरी कास्ट नाही म्हणून मार्क कापलेले मी पाहिलेत, आणि ते मला आजही अन्यायाचं वाटतं.

६४ बिटच्या विंडोजवर टर्बो सी चालेनासा झाला, तेव्हा बदलाची संधी आली होती. पुष्कळ ठिकाणी डॉसबॉक्स टाकून तोच निळा पडदा परत आणला गेला. ज्यांनी लिनक्स धरलं त्यांच्यापुढे नवे प्रश्न आले. कॅरॅक्टर, इंट, कॅरॅक्टर अशा स्ट्रक्चरचं माप टर्बो सीमध्ये ४ यायचं, ते १२ झालं. इंट ४ चा झाला हे खरं, पण उरलेले ६ बाइट कंपायलरनं मध्ये आणि शेवटी मोकळे सोडलेले असतात. जुन्या प्रोग्रामनं एफराइटनं लिहिलेली फाइल नव्यानं वाचताना कचरा का येतो, ते इथं कळतं. मूळ अर्डुइनो उनोवर तर आजही इंट आणि पॉइंटर दोन्ही २ बाइटचेच.

व्हॉइड पॉइंटर शिकवायचा तर व्याख्येऐवजी क्रम लावणाऱ्या क्यूसॉर्ट या फंक्शनपासून सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे. काय लावायचं हे त्याला माहीत नसतं, म्हणूनच तो घटक किती आणि एकेक घटक किती बाइटचा हे मागून घेतो. मग मुलांकडून अदलाबदलीचं फंक्शन लिहून घ्यावं: दोन व्हॉइड पॉइंटर आणि बाइटची संख्या, आत त्यांना अनसाइन्ड कॅरॅक्टर पॉइंटर करून एकेक बाइट बदलायचा. ४ बाइटच्या इंटसाठी कुणी पाठांतरानं २ लिहिले तर ७ आणि ५ व्यवस्थित बदलतात, प्रोग्राम बरोबर वाटतो. नेहमीच्या पीसीवर ७०००० आणि ५ देऊन बघा. बाहेर ६५५४१ आणि ४४६४ येतात, कारण दोन्ही संख्यांचे खालचे दोनच बाइट हललेले असतात.