आधी चूल, मग फळा

शाळा काढायची म्हणजे आधी इमारत, मग मास्तर, मग मुलं, हा सगळीकडचा क्रम. साताऱ्याच्या महाराजा सयाजीराव हायस्कूलचा क्रम उलटा आहे. इथे आधी मुलं आली. त्यांच्यासाठी चूल पेटली, अंथरुणं पडली, शेतात कामं ठरली आणि सोळा वर्षांनी, 1940 साली, हायस्कूल उघडलं. फी नाही, राहण्याचा खर्च नाही. त्याच्या बदल्यात रोज अंगमेहनत करायची, अशी ही शाळा होती. ‘फ्री अँड रेसिडेन्शियल हायस्कूल’ हे शब्द तिने आपल्या नावातच घेतले. खेड्यातल्या गरीब मुलाचं शिक्षण नेमकं कुठे अडतं, हे तिच्या संस्थापकाने जवळून पाहिलेलं होतं.

ते संस्थापक म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील, मुलांचे अण्णा. त्यांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 रोजी कोल्हापूरजवळच्या कुंभोजला, जैन शेतकरी कुटुंबात झाला. कोल्हापुरात शिकत असताना अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले आणि परतल्यावर ‘शुद्ध’ होण्यासाठी अंघोळ करायला त्यांनी नकार दिला. त्यापायी त्यांना आपलं जैन वसतिगृह सोडावं लागलं. राजर्षी शाहू महाराजांचा सहवास आणि सत्यशोधक विचार यांतून त्यांची घडण झाली. स्वतःचं शालेय शिक्षण फार पुढे गेलं नाही. पुढे लोखंडी नांगर विकण्याच्या निमित्ताने ते गावोगाव हिंडले. एक कुळव आणि दोन बैलांवर चालणारी घरं त्यांनी आतून पाहिली. त्या घरांत हुशार मुलं होती, पण त्यांच्या वाटेवर पुढे काहीच नव्हतं.

त्या काळची व्यवस्था लक्षात घेतली, की ही अडचण कळते. गावात मराठी शाळा असलीच तर चौथीपर्यंत, मोठ्या गावात सातवीपर्यंत. सातवीची व्हर्नाक्युलर फायनल परीक्षा झालेला मुलगा प्राथमिक शिक्षक किंवा तलाठी होई, आणि तेवढ्यावर घरचे धन्यता मानत. मॅट्रिकला नेणारं इंग्रजी हायस्कूल जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या गावी. तिथे फी भरायची, खोली घ्यायची, खानावळीचे पैसे मोजायचे. अस्पृश्य मुलाकडे पैसे असले तरी त्याला खोली कोण देणार? फीची माफी मिळाली तरी जेवणाचा प्रश्न तसाच राही.

4 ऑक्टोबर 1919 रोजी कऱ्हाडजवळच्या काले गावी भाऊरावांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि 1924 मध्ये काम साताऱ्यात आणलं. धनिणीच्या बागेत त्यांचं वसतिगृह उभं राहिलं. 1927 मध्ये महात्मा गांधी तिथे आले आणि त्यांच्या हस्ते त्याचं ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असं नामकरण झालं. गांधीजींनी तिथे मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी सगळी मुलं एका पंगतीला जेवताना पाहिली.

ही पंगत सोपी नव्हती. बोर्डिंगात स्वयंपाक मुलंच पाळीपाळीने करत. आज ज्याची पाळी, त्याने भाकऱ्या थापायच्या, आमटी करायची, सगळ्यांना वाढायचं. गावात ज्या मुलाची सावली चालत नव्हती, त्याच्या हातची भाकरी इथे पाटलाच्या मुलाने खायची. जातिभेद वाईट, हे फळ्यावर लिहून मुलांच्या अंगी उतरत नाही. भुकेच्या वेळी शेजारी बसलेल्याच्या ताटातलं आणि आपल्या ताटातलं अन्न एकच आहे, हे रोज दोनदा अनुभवलं की उतरतं. भाऊरावांनी यावर भाषणं कमी दिली आणि चूल एक ठेवली.

त्या चुलीमागे लक्ष्मीबाई होत्या, भाऊरावांच्या पत्नी. मुलं त्यांना वहिनी म्हणत. सोवळ्याओवळ्याच्या वातावरणात वाढलेल्या या बाईने सगळ्या जातींची मुलं आपली मानली. दागिने एकेक करून बोर्डिंगच्या खर्चात गेले, आणि धान्य संपलं तेव्हा मंगळसूत्रही विकलं गेलं. 1930 मध्ये वहिनी वारल्या. हायस्कूल त्यांनी पाहिलं नाही, पण त्याचा पाया घालणाऱ्यांत त्यांचं नाव भाऊरावांच्या बरोबरीनेच घ्यावं लागेल.

पुढची पायरी शिक्षकांची होती. 1935 मध्ये साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज सुरू झालं. खेड्यातून आलेले तरुण तिथे शिकून पुन्हा खेड्यात शिक्षक म्हणून गेले. संस्थेने वाड्या-वस्त्यांवर शेकडो व्हॉलंटरी शाळा चालवल्या. त्यातून चौथी, सातवी झालेली मुलं बाहेर पडू लागली आणि त्यांना पुढे नेणाऱ्या हायस्कुलाची गरज आता टाळता येण्यासारखी नव्हती.

1940 मध्ये ते निघालं आणि त्याला नाव मिळालं बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचं. सयाजीराव आदल्याच वर्षी निवर्तले होते. 1893 मध्ये अमरेलीत आणि 1906 मध्ये सगळ्या बडोदा संस्थानात त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं होतं. राजाने तिजोरीतून जे केलं, ते माध्यमिक पातळीवर रयतेच्या पोरांनी स्वतःच्या कष्टांवर करून दाखवायचं, असा या नावाचा अर्थ घेता येतो.

‘कमवा आणि शिका’ हे आता योजनेचं नाव झालं आहे. तिथे तो दिनक्रम होता. शाळेचे तास सोडून सकाळ-संध्याकाळ आणि सुट्टीचे दिवस कामाचे. कुणी शेतात, कुणी भाजीपाल्याच्या वाफ्यांवर, कुणी गुरांकडे, कुणी बांधकामावर दगड-माती वाहायला. पडीक जमिनी मुलांनी खणून लागवडीखाली आणल्या. कपडे आपले आपण धुवायचे, खोली आपण झाडायची, भांडी आपण घासायची. या कष्टांवर वसतिगृहाचा बराच भार चाले, त्यामुळे कुणाच्या उपकारावर शिकतो आहोत ही भावना मुलाच्या मनात शिरत नसे. शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्याला जी मान खाली घालावी लागते, ती इथे घालावी लागली नाही.

दुसरा फायदा त्याहून मोठा. आपल्याकडे चार इयत्ता शिकलेला मुलगा नांगराला हात लावायला लाजू लागे, आणि शिक्षणाने पोरगं कामातून गेलं, ही आईबापांची तक्रार असे. इथल्या मुलाच्या एका हातात बीजगणित होतं आणि दुसऱ्यात खोरं. तो सुट्टीत घरी गेला तर बापाच्या बरोबरीने राबत असे. स्वावलंबन, स्वाभिमान, स्वाध्याय आणि स्वातंत्र्य ही संस्थेची चतुःसूत्री. त्यात स्वावलंबन पहिलं आहे आणि बाकीची तीन त्याच्या आधाराने उभी आहेत.

वाट सरळ नव्हती. स्वातंत्र्यानंतर लवकरच संस्थेचं सरकारी अनुदान थांबलं. लोकांनी धान्य दिलं, पैसा दिला, मुलांनी कामं वाढवली. अखेर गाडगेबाबांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे शब्द टाकला आणि अनुदान पुन्हा सुरू झालं. 1954 मध्ये कऱ्हाडला निघालेल्या महाविद्यालयाला संस्थेने सद्गुरू गाडगे महाराजांचं नाव दिलं. गांधीजींच्या हत्येनंतर त्यांच्या स्मरणार्थ एकशे एक हायस्कुलं काढण्याचा संकल्प भाऊरावांनी सोडला होता, तो याच कठीण काळात.

या पद्धतीतून कशी माणसं घडली? बॅरिस्टर पी. जी. पाटील शाहू बोर्डिंगात वाढले, विलायतेहून बॅरिस्टर होऊन परत संस्थेत आले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. महात्मा फुल्यांचं ‘गुलामगिरी’ त्यांनी इंग्रजीत नेलं. त्यांच्यासारखे अनेक माजी विद्यार्थी आजीव सेवक म्हणून संस्थेतच राहिले. आपण ज्या चुलीवर जेवलो तिथे पुढच्या मुलांना जेवायला मिळावं, एवढ्यासाठी बाहेरच्या चांगल्या पगाराकडे त्यांनी पाठ फिरवली.

1959 मध्ये भाऊरावांना पद्मभूषण मिळालं आणि त्याच वर्षी 9 मे रोजी ते गेले. आज संस्थेच्या चारशेहून अधिक माध्यमिक शाळा आणि चाळीसहून अधिक महाविद्यालयं आहेत.

आज गावोगाव हायस्कूल आहे, फीचा जाच खूप कमी झाला आहे. तरीही ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातली, धनगर वाड्यांवरची, दुर्गम पाड्यांवरची मुलं आठवी-नववीत शाळा सोडतात. अशा मुलाविषयी ‘याला शिक्षणाची आवड नाही’ असं म्हणण्याआधी तो रात्री कुठे झोपतो आणि दुपारी काय खातो, हे विचारायला हवं. आपल्या तालुक्यातलं एखादं वसतिगृह निधीअभावी किंवा दुर्लक्षामुळे बंद पडत असेल, तर नव्या इमारतीसाठी वर्गणी देण्याआधी त्या वसतिगृहाची चूल चालू ठेवा. हायस्कूल त्यामागून उभं राहतं, हे साताऱ्याने दाखवून दिलं आहे.