मठाची गादी आणि मतपेटी

18 एप्रिल 2019 रोजी उस्मानाबाद आणि सोलापूर या दोन्ही लोकसभा मतदारसंघांत मतदान झाले. दुसऱ्याच दिवशी चैत्र पौर्णिमा होती, म्हणजे येरमाळ्याला येडेश्वरीची यात्रा. बोटाला शाई असलेलेच हात देवीपुढे जोडले गेले. त्या हातांविषयी आमची काही तक्रार नाही. देवी कुणाला मत द्या म्हणून सांगत नाही. गादीवर बसलेली माणसे मात्र सांगतात.

आपला उस्मानाबाद मतदारसंघ 2004 च्या निवडणुकीपर्यंत अनुसूचित जातींसाठी राखीव होता. 2009 पासून तो खुला झाला आणि शेजारचे सोलापूर राखीव झाले. त्या राखीव जागेवर 2019 साली भाजपने गौडगाव मठाचे डॉ. जयसिद्धेश्वर शिवाचार्य महास्वामी यांना उभे केले. समोर सुशीलकुमार शिंदे आणि ॲड. बाळासाहेब आंबेडकर. स्वामीजी दीड लाखाहून अधिक मतांनी निवडून आले. सगळी मते मठाची नव्हती. मोदींच्या नावाची लाट होती, विरोधी मतेही फुटली. तरी आम्ही विचारतो, ज्याच्या पाया पडायचे त्याला रस्त्या-पाण्याचा जाब कोण विचारणार?

पुढे फेब्रुवारी 2020 मध्ये जात पडताळणी समितीने त्यांचा बेडा जंगम जातीचा दाखला अवैध ठरवला. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, आणि खासदारकीची मुदत तेवढ्यात पुरी झाली. राखीव जागा ही आपल्या समाजाच्या हक्काची बाब आहे, म्हणून हे सांगावे लागते.

हे फक्त आपल्याकडेच चालते असे नाही. अमेरिकेत जेरी फॉलवेल या धर्मोपदेशकाने 1979 साली ‘मॉरल मेजॉरिटी’ ही संघटना काढली आणि 1980 मध्ये रेगन यांच्यामागे सनातनी ख्रिस्ती मतदार उभा केला. करमाफी घेणाऱ्या चर्चला तेव्हा तिथे उमेदवाराचा प्रचार करता येत नसे. मग उमेदवारांची मते शेजारी शेजारी छापलेली पत्रके वाटायची. नाव घ्यायचे नाही, पण भाविकाला कळायचे ते कळते!

राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी घटना समितीत दिला होता. तो आपल्या पुढाऱ्यांच्या पाया पडणाऱ्यांनाही लागू आहे, हे कटू असले तरी लिहितो.

1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे 123 वे कलम घरातल्या आयाबहिणींना जरूर वाचून दाखवा. मत दिले नाही तर देवाचा कोप होईल, अशी भीती उमेदवाराने किंवा त्याच्या संमतीने दुसऱ्या कुणी घातली, तर तो भ्रष्ट आचार ठरतो. त्यावरून निवडून आलेल्याची निवडही रद्द होऊ शकते.